तुळशीखालची माती

गिरिधररावांनी आयुष्यात एकदाच आपल्या कामाची बढाई मारली, आणि तिचे चटके भलत्याच बाईला बसले. ते कसे, हे सांगायचं तर आधी त्यांचं काम सांगायला हवं. कारण ते त्यांच्या घरात सुद्धा कुणाला धड ठाऊक नव्हतं.

कुंभकोणच्या एका कॉलेजात, भूशास्त्र विभागात, ते एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. पूर्वज तंजावरच्या दरबारात मोडी कागद लिहायचे. त्या वैभवातलं गिरिधररावांच्या वाट्याला आलं ते फक्त वळणदार अक्षर, आणि ते चिखलाच्या डब्यांवर चिठ्ठ्या लिहिण्यात खर्ची पडलं. नातलगांपैकी कुणी बँकेत, कुणी चेन्नईत संगणकापुढे, दोघं-तिघं अमेरिकेत. लग्नामुंजीत कुणी विचारलं, "गिरिधर काय करतो?" की उत्तर यायचं, "तो होय? तो चिखल कापतो." आणि सगळे मेले हसायचे.

पण ते खरंच कापायचे. नदी समुद्राला मिळते तिथे पाइप खोल ठोकायचा आणि गाळाचा उभा दांडा सबंध बाहेर काढायचा. वरचा गाळ कालपरवाचा, खालचा आज्या-पणज्यांच्या वेळचा. तो दांडा नायलॉनच्या दोऱ्याने चकती चकती कापायचा, प्रत्येक चकतीची बाहेरची कड काढून टाकायची, कारण पाइप आत जाताना वरचा गाळ कडेने खाली ओढतो. लहानपणी त्यांची आई केळीचा गाभा चिरायची, तेव्हा प्रत्येक चकतीचा धागा बोटाला गुंडाळून वेगळा करायची. गिरिधरराव कड काढायला शिकले ते तिच्याकडून, कुठल्या प्रोफेसरकडून नाही. मग चकत्या वाळवायच्या, खलायच्या, डब्यांत भरायच्या आणि शिशाच्या विटांच्या आत बसवलेल्या यंत्रात एकेक डबा दिवसभर ठेवायचा. यंत्र सांगायचं की ह्या मातीत किरणं सोडणारा सीझियम नावाचा पदार्थ किती आहे.

आता हा सीझियम काही कावेरीचा नव्हे, समुद्राचाही नव्हे. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी मोठ्या देशांनी अणुबॉम्ब उघड्यावर फोडून पाहिले. स्वतःच्या राजधानीत नाही हो, डोकी होती त्यांना! दुसऱ्यांच्या बेटांवर, कुठल्या तरी गरिबांच्या वाळवंटात. ती धूळ आभाळात चढली, पृथ्वीभर फिरली आणि पावसाबरोबर सगळ्यांच्या अंगणात उतरली. त्रेसष्ट साली सर्वांत जास्त उतरली. म्हणून गाळात जिथे सीझियम सर्वांत जास्त, तो थर त्रेसष्टचा, असं धरतात. शास्त्रज्ञांना हे फार सोयीचं, गाळाचं वय चटकन कळतं. सोयीचं! हा शब्द गिरिधररावांना एकतीस वर्षं सलत होता. त्यांची थोरली बहीण, अक्का, त्रेसष्टची. त्या थराची चकती हातात आली की ते मनात म्हणायचे, अक्का पाळण्यात होती तेव्हा हे वरून पडत होतं, आणि आमच्या आईला कुणी विचारलंही नव्हतं.

अक्का काविळीने गेली. तिची मुलगी जननी मामाच्या घरी वाढली, आणि गेल्या वैशाखात तिचं लग्न झालं. जावई रविशंकर चेन्नईचा. औषधाच्या कंपनीत नोकरी, आणि फावल्या वेळात आरोग्यावरचे व्हिडिओ. दिवाळसणाला जोडपं कुंभकोणला आलं. मामी राजेश्वरीने पहाटे अभ्यंग, औषधी लेह्याचं चाटण, जावयाला नेसायला जरीकाठी वेष्टी, सगळं यथासांग केलं. फराळ झाल्यावर जावई म्हणाला, "मामा, तुमची लॅब बघायची आहे."

एकतीस वर्षांत घरच्या एकाही माणसाने हे वाक्य उच्चारलं नव्हतं. गिरिधरराव विरघळले. कॉलेजला सुट्टी, किल्ली त्यांच्याकडेच. जावयाने फोन समोर धरला आणि हे चाळीस मिनिटं बोलत राहिले. समुद्रकाठी, तरंगंबाडीच्या खालच्या गावातून, बाजारात मासे विकते त्या अंजलैच्या नवऱ्याच्या बोटीने आम्ही खाडीच्या तोंडाशी गेलो, हा बघा फोटो. हा डबा त्रेसष्टचा. हा थर चोपन्न सेंटिमीटर खाली गाडलेला आहे, मासा तिथे जात नाही. आता त्यात उरलंय ते निम्म्याचं निम्मं, भीतीचं कारण नाही, चीड येण्याचं मात्र आहे. सगळं बोलले. कोण बोलू देतो एवढं?

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. नव्वद सेकंदांचा. मामांचं बोट, मामांचा आवाज, "हे अणुबॉम्बचं आहे." मग बोटीचा फोटो, नंबरासकट. खाली गावाचं नाव. आणि वर मोठ्या तमिळ अक्षरांत: "कावेरीच्या मुखाशी अणुबॉम्बचं विष! तुमच्या ताटातला मासा कुठला?" चोपन्न सेंटिमीटर कापलं. निम्म्याचं निम्मं कापलं. मासा तिथे जात नाही, तेही कापलं. गिरिधररावांना वाटलं, आपण जन्मभर कड काढून टाकून गाभा ठेवत आलो, आणि ह्या माणसाने गाभा फेकून नेमकी कड ठेवली.

आणखी दोन दिवसांनी अंजलै आली.

तिच्याबद्दल एवढं सांगायला हवं. बावीस वर्षं ती पहिल्या बसने समुद्राकडून कुंभकोणला मासे आणायची. बाजाराच्या कोपऱ्यावर, नळाजवळच्या दगडावर तिची जागा. गिरिधररावांच्या गल्लीत सगळी शाकाहारी घरं, म्हणून कधी त्या गल्लीतून जायचं झालं तर ती टोपली बाहेर, देवळाच्या भिंतीपाशी ठेवून यायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. तिची रीत होती ती. त्या सकाळी मात्र ती टोपली डोक्यावर घेऊनच गल्लीत शिरली, दर खिडकीतून डोकी बाहेर आली तरी थांबली नाही, आणि टोपली तिने गिरिधररावांच्या पायरीवर, रांगोळीच्या शेजारी ठेवली.

"सार," ती म्हणाली, "तुम्ही कधी मासा खाल्लाय?"

"नाही, अम्मा."

"मग माझा मासा विषारी आहे हे तुम्ही कशावरून सांगितलंत?"

गिरिधररावांना तोंडात मारल्यासारखं झालं. "मी तसं म्हटलं नाही. जावयांनी कापलं ते."

"आवाज कुणाचा आहे? बोट कुणाचं आहे?" अंजलैचा आवाज चढला. "आमच्या बोटीतून गेलात. पैसे घेतले नाहीत माझ्या माणसाने, कॉलेजचं काम म्हणून. चहा घेतलात आमच्या अंगणात. आणि आता बाजारात बायका माझ्याकडे बघून नाकाला पदर लावतात! दोन दिवस टोपली भरलेली परत नेतेय मी. बसमधले लोक म्हणतात, पुढे उभी राहू नको." तिने टोपलीवरचा ओला गोणपाट ओढला. "उद्यापासून मी येणार नाही. कुणासाठी येऊ? आणि बाजाराच्या मुकादमाने सांगितलंय, जागा रिकामी राहिली तर पौर्णिमेनंतर ती दुसरीला देणार. बावीस वर्षांची जागा, सार. पोटात पोर होतं तेव्हाही त्या दगडावर बसलेय मी."

गिरिधररावांनी फक्त म्हटलं, "एक मासा द्या मला." तिने संशयाने पाहिलं, पण दिला. त्यांनी तो केळीच्या पानात घेतला. साठीला आलेल्या माणसाचा मत्स्यजातीशी हा पहिला स्पर्श. राजेश्वरी दाराआडून बघत होती, ती "अय्यो" म्हणून आत गेली.

आधी त्यांनी जावयाला फोन केला. आता जावयाशी कसं बोलणार? आमच्यात जावयाला अरे म्हणायची सोय नाही, आणि हा तर लेकीसारख्या भाचीचा नवरा. "रविशंकरराव," ते म्हणाले, "तेवढा व्हिडिओ काढून टाकावा अशी विनंती आहे."

"मामा, चार लाख लोकांनी पाहिलाय तो! आणि त्यात खोटं काय आहे? एक शब्द सांगा खोटा."

एकही नव्हता. तेच तर! खोटं असतं तर खोडता आलं असतं. गिरिधररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली; पण जिभेवर आलं ते एवढंच, "बरं. द्वादशीला तुळशीच्या लग्नाला यावं. मामीने बोलावलंय."

मग ते विभागप्रमुख शंकरनारायणांच्या घरी गेले. म्हणाले, सर, कॉलेजच्या कागदावर चार ओळी द्या, माशांना काही झालेलं नाही म्हणून. शंकरनारायण झोपाळ्यावर पेपर वाचत होते. "आपण असं निवेदन देत नसतो. निबंध छापून येऊ दे."

"कधी येईल?"

"सात-आठ महिने. आणि गिरिधर, तुम्ही सहायक आहात. शास्त्राबद्दल बोलायचं काम तुमचं नाही. बोललात म्हणून तर हे झालं."

सात-आठ महिने! पौर्णिमा दहा दिवसांवर होती. गिरिधरराव तिथून निघाले ते असे चालत सुटले की वाटेत कॉफी घ्यायचंही सुचलं नाही. बॉम्ब फोडणारे सुटले. कुणी त्यांच्या दारात जाऊन विचारलं नाही. व्हिडिओ करणारा सुटला. निबंध लिहिणाऱ्याला बढती मिळणार. ह्या सगळ्या उपद्व्यापात जगात एकाच माणसाची टोपली परत गेली, आणि ती अंजलैची. का? तर तिच्या दारचा चिखल कुणी तरी काढून मोजला म्हणून. दुसऱ्या कुणाच्या दारचा मोजलाच नाही!

हे मनात आलं आणि ते रस्त्यातच थांबले.

कितीतरी वर्षं शंकरनारायण कुरकुरत होते की समुद्राच्या गाळाशी ताडून बघायला गावात एक तरी जमीन अशी हवी, जी साठ वर्षांत कुणी उकरली नाही. शेतं नांगरलेली, अंगणं फरशीची. मिळेना. आणि गिरिधरराव मूग गिळून बसायचे. कारण अशी जमीन त्यांच्या स्वतःच्या परसात होती. तुळशीभोवतालचा चार हातांचा पट्टा. तुळशीला लोखंड लावायचं नाही, हा घराण्याचा नियम. कुदळ नाही, फावडं नाही, खुरपं सुद्धा नाही. तण उपटायचं ते हातांनी. आईने पाळला, आजीने पाळला. प्रोफेसरला हे सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी कुदळ आणली असती.

घरी येऊन त्यांनी कपाटामागून पीव्हीसी पाइपाचा तुकडा काढला. राजेश्वरी आडवी आली. "अहो, तुळशीला हात लावायचा नाही! द्वादशी तोंडावर आलीय."

"लोखंड लावायचं नाही एवढंच आहे. हे प्लास्टिक आहे."

"थट्टा सुचतेय तुम्हांला? आणि निघालं काही त्यात, तर?"

"तर निघालं. समुद्रातलं निघालेलं चालतं, आपल्या तुळशीतलं नाही चालत?"

राजेश्वरीने त्या पाइपाकडे पाहिलं. मग आत जाऊन पळीपात्र घेऊन आली, तुळशीला पाणी घातलं, हात जोडले, आणि म्हणाली, "व्हा पुढे. मी धरते सरळ. तुमचा हात हल्ली कापतो." लाकडी ठोकळ्याने ठोकून तीस सेंटिमीटर पाइप आत गेला. निघालेली माती काळी, भुसभुशीत, मुळांच्या केसांनी भरलेली होती. गिरिधररावांनी ती दोऱ्याने कापली आणि प्रत्येक चकतीची कड काढली. सवयीने वळणदार अक्षरांत चिठ्ठीही लिहिली: तुळस, परस, चकती पहिली.

सुट्टी संपेपर्यंत प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. परवानगीबिरवानगी गेली खड्ड्यात. आधी मासा ठेवला, दिवसभर. काही नाही, यंत्राला सापडावं एवढंही काही नाही. मग तुळशीचे डबे, एकेक दिवस. अंजलैच्या खाडीतल्या सर्वांत वाईट चकतीत यंत्राचा आकडा किलोमागे दीड होता. तुळशीच्या दुसऱ्या चकतीत आला चार. गिरिधररावांनी तो डबा पुन्हा ठेवला, पुन्हा दिवसभर. पुन्हा चारच.

समुद्राने ती धूळ गाळात पसरून, मिसळून, चोपन्न सेंटिमीटर खाली दडवली होती. ह्यांच्या तुळशीने मात्र जिथे पडली तिथेच, चार बोटांवर, साठ वर्षं सांभाळून ठेवली होती.

द्वादशीला संध्याकाळी जननी आणि जावई आले. ऊस, आवळे, चिंचा, बाळकृष्ण, अंतरपाट, सगळं रीतीप्रमाणे झालं. राजेश्वरीने तुळशीचं पान घातलेलं तीर्थ जावयाच्या हातावर घातलं. त्याने ते भक्तिभावाने घेतलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. गिरिधररावांनी तेवढं होऊ दिलं. मग आतून दोन डबे आणून पाटावर, त्याच्यासमोर ठेवले.

"रविशंकरराव, हा डबा अंजलैच्या खाडीतला. दीड. हा डबा ह्या तुळशीखालचा. चार. मासाही मोजला. शून्य. आता फोन काढावा आणि व्हिडिओ करावा. नाव मीच सुचवतो: कुंभकोणच्या तुळशीत अणुबॉम्बचं विष, तुमच्या हातावरचं तीर्थ कुठलं?"

जावयाचा हात डोक्यावरून खाली आला. तो हसायला बघत होता, पण ते जमेना. "मामा, काहीतरीच काय! असं कसं दाखवू? तुळशीबद्दल असं बोललं तर लोक मारतील मला."

"हां." गिरिधररावांचा आवाज फाटला, पण चढला नाही. "आणि अंजलैबद्दल बोलताना? तेव्हा कुणी मारेल असं का वाटलं नाही तुम्हांला? ती कोण मारणार! खोटं काय आहे म्हणालात ना फोनवर? ह्यात तरी काय खोटं आहे, सांगा! एक शब्द सांगा! अहो, तुमची सासू पाळण्यात होती तेव्हा हे आभाळातून पडत होतं, आणि माझ्या आईने ह्याच तुळशीचं पाणी तिच्या तोंडात घातलं. त्या माउलीला कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. ज्यांनी टाकलं त्यांचं नाव तुमच्या नव्वद सेकंदांत कुठे आहे? नाव आहे बोटीचं! नंबर आहे बोटीचा!"

राजेश्वरीने पळी पात्रात ठेवली. जननी उठली, नवऱ्याच्या हातातला फोन घेतला, त्यानेही तो सोडला. "मामा, काढला," ती म्हणाली. "पण लोकांनी उतरवून घेतलाय. तो फिरतच राहणार."

फिरतच राहणार. गिरिधरराव रात्रभर पडून राहिले, झोप कसली लागते. आणि उजाडल्यावर स्नान करून, कपाळाला गंध लावून, हातात तुळशीचा डबा घेऊन ते मासळीबाजारात गेले. नळाजवळचा दगड रिकामा होता. ते त्याच्यावर बसले.

बाजारात एकच कल्लोळ उडाला. मुकादम धावत आला; त्याला सगळे ब्राह्मण अय्यरच. "अय्यरे, इथे काय? ही मासळीची जागा आहे!"

"जागा अंजलैची आहे. ती येईपर्यंत मी राखतोय."

"तुम्ही विकणार काय?"

"काही नाही. ज्याला तिच्या माशाबद्दल शंका आहे त्याने मला विचारावं. व्हिडिओतला माणूस मीच."

विचारायला आले की! काही टिंगल करायला आले, काही भांडायला. गिरिधररावांनी प्रत्येकाला डबा दाखवला. ही माझ्या तुळशीखालची माती. खाडीपेक्षा जास्त आहे हिच्यात. हे तुमच्या अंगणातही आहे, तुमच्या भाताच्या शेतातही. मी साठ वर्षं तीर्थ घेतोय, उद्याही घेणार. माशात काही सापडलं नाही. राग यायचा असेल तर बॉम्ब फोडणाऱ्यांचा येऊ द्या, ही बाई कुणाचं काय लागत होती? दुपारी बारापर्यंत घसा बसला. गल्लीत परतल्यावर शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली; एकजण तर म्हणाला की गिरिधरने तुळस बाटवली. त्रयोदशी गेली, चतुर्दशी गेली. शंकरनारायणांचा निरोप आला की सोमवारी भेटा, लेखी खुलासा घेऊन या. गिरिधररावांनी निरोप्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं.

पौर्णिमेच्या सकाळी ते दगडावर बसलेले असताना पहिली बस आली. कंडक्टरने म्हणे गावात जाऊन सांगितलं होतं, तुझ्या जागेवर एक बामण बसलाय. गर्दीतून वाट काढत अंजलै आली. डोक्यावर टोपली होती, भरलेली. तिने गिरिधररावांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, भोवती जमलेल्या बायकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या दोघींच्या हातांत पिशव्या होत्या.

"तुमच्या तुळशीचं सगळ्यांना सांगितलंत म्हणे," ती म्हणाली.

"सांगितलं."

"आता तुमच्याकडे तीर्थ घ्यायला कोण येईल?"

"कुणी येत नाहीये," गिरिधरराव म्हणाले.

अंजलैच्या चेहऱ्यावरचा राग काही गेला नव्हता, आणि का जावा? तिने टोपली खाली उतरवली, गोणपाट बाजूला केला आणि पदर कमरेला खोचला.

"सरका, सार," ती म्हणाली. "जागा माझी आहे."